माहिती फुटल्यानंतर : आखातातील आपल्या माणसांसाठी काही सूचना

पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडून जाणे ही कोकणच्या माणसाला नवी गोष्ट नाही. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी एडन व कराची येथे नोकऱ्या केल्या. त्यांची नातवंडे आज दुबई, अबू धाबी आणि शारजा येथे नोकरी करतात. पूर्वी परदेशी गेलेल्या माणसाची सर्व कागदपत्रे एका पत्र्याच्या ट्रंकेत असत आणि त्या ट्रंकेची किल्ली घरातील बाईच्या पदराला बांधलेली असे. आज तीच कागदपत्रे, म्हणजे आपले नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, दूरध्वनी, पत्ता व छायाचित्र, बँकेच्या, विमान कंपनीच्या, घरमालकाच्या, टॅक्सी बोलावण्याच्या ॲपच्या आणि अशाच वीस-पंचवीस ठिकाणच्या संगणकांत पडून असतात. त्या कुलपांच्या किल्ल्या आपल्यापाशी नाहीत. तेव्हा एखादे कुलूप फुटले, तर आपण काय करावे, हा प्रश्न आता प्रत्येक घराचा झाला आहे. त्याचा साधकबाधक विचार करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय लिहावयास घेण्याचे निमित्त असे घडले. गेल्या हिवाळ्यात मी काही दिवस शारजा येथे नातलगांकडे राहिले होते. तेथे माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. शाळेत असताना हिशेबात कधी एका पैचीही चूक न करणारी ही मुलगी. ती म्हणाली, "बाई, तुम्हांला सांगायलाही लाज वाटते. पण त्या माणसाला माझे सगळेच ठाऊक होते हो!"

हकिकत अशी की, तिला एका दुपारी दूरध्वनी आला. बोलणारा शुद्ध हिंदीत व अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने तिचे पूर्ण नाव सांगितले, ती राहते तो भाग सांगितला, तिच्या ओळखपत्राच्या क्रमांकाचे पहिले सात आकडे सांगितले आणि "तुमचे ओळखपत्र बँकेच्या खात्याशी नव्याने जोडलेले नाही, संध्याकाळपर्यंत खाते गोठेल," असे बजावले. मग तिच्या फोनवर एक सांकेतिक आकडा आला. तो तिने वाचून दाखविला. चार-पाच मिनिटांत आईच्या शस्त्रक्रियेसाठी जमविलेले सहा हजार दिरहम खात्यातून गेले. पुढे ती जे म्हणाली, ते मला अधिक लागले. "तीन दिवस मी घरी कोणाला सांगितलेच नाही, बाई. इतकी शिकलेली मी, आणि अशी कशी फसले, असे सगळे म्हणतील याची भीती वाटली." चौथ्या दिवशी ती बँकेत गेली, तेव्हा पैसे अनेक हातांतून पुढे गेले होते. आकडा तिने स्वतःच सांगितलेला असल्यामुळे बँकेने हात वर केले. पोलिसांत तक्रार नोंदविली गेली. पैसे मात्र परत आलेले नाहीत.

तिची माहिती नेमकी कोठून फुटली, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही, आणि बहुधा कोणालाच कळत नाही. एका ठिकाणाहून नाव व फोन मिळतो, दुसऱ्या ठिकाणाहून पत्ता, तिसऱ्या ठिकाणाहून जन्मवर्ष. अशा चिंध्या जोडून भामटे माणसाचे पुरते चित्र तयार करतात. त्यातच काही गोष्टी आपण समजतो तितक्या गुप्त नसतात. उदाहरणार्थ, अमिरातीचे ओळखपत्र घ्या. त्याच्या पंधरा आकड्यांपैकी पहिले तीन नेहमी ७८४ असतात, कारण तो त्या देशाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. आणि पुढचे चार म्हणजे आपले जन्मवर्ष. अर्थात ज्याला आपले जन्मवर्ष ठाऊक आहे, त्याला पहिले सात आकडे न पाहताच सांगता येतात. माझ्या विद्यार्थिनीला ज्या आकड्यांनी विश्वास वाटला, ते आकडे कोणत्याही शाळकरी मुलाला सांगता आले असते!

दोन मोठ्या घटना

अमिरातीतील सर्वांत गाजलेली घटना २०१८ सालची. करीम ही टॅक्सी बोलावण्याची सेवा २०१२ साली दुबईत सुरू झाली आणि अल्पावधीतच मोरोक्कोपासून पाकिस्तानपर्यंत पसरली. आपल्या ग्राहकांची व चालकांची माहिती ज्या यंत्रणेत ठेवली होती, तीत कोणी परका शिरला आहे, हे कंपनीला १४ जानेवारी २०१८ रोजी कळले. ग्राहकांना मात्र ते २३ एप्रिल २०१८ रोजी सांगण्यात आले. १४ जानेवारीपूर्वी नोंदणी केलेल्या सुमारे १ कोटी ४० लाख ग्राहकांची नावे, ई-मेलचे पत्ते, फोन क्रमांक आणि प्रवासाच्या नोंदी चोरांच्या हाती गेल्या होत्या. साडेपाच लाखांहून अधिक चालकांची माहितीही त्यात होती. पासवर्ड किंवा कार्डांचे क्रमांक गेल्याचा पुरावा आढळला नाही, असे कंपनीने सांगितले. कार्डांचा तपशील वेगळ्या, अधिक सुरक्षित ठिकाणी ठेवलेला होता.

या दोन तारखांमध्ये ९९ दिवसांचे अंतर आहे. तपास पुरा करून मगच बोलावयाचे होते, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु वाचकांनी यातून घेण्यासारखा धडा असा की, आपली माहिती फुटल्याचे आपल्याला कळते, तेव्हा ती कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, दुसऱ्याच्या हाती असते. शिवाय प्रवासाच्या नोंदी म्हणजे केवळ भाड्याचा हिशेब नव्हे. माणूस सकाळी कोठून निघतो, कोठे जातो आणि दर शुक्रवारी कोणाच्या घरी उतरतो, हे त्यांतून समजते.

दुसरी घटना आपल्या अधिक जवळची. विमान कंपन्यांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सीटा या संस्थेवर हल्ला झाला आणि त्यात एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती गेली. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले की, ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदलेली, जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाधित झाली आहे. त्यात नाव, जन्मतारीख, संपर्काचा पत्ता, पासपोर्टची व तिकिटाची माहिती आणि काही क्रेडिट कार्डांचा तपशील होता. कार्डाच्या पाठीवरील तीन आकडे मात्र त्या ठिकाणी ठेवलेले नव्हते. मुंबई-दुबई अशा फेऱ्या करणाऱ्या आपल्या किती कुटुंबांची नावे त्यात असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

प्रथम काय गेले ते पाहावे

घरात चोरी झाली म्हणजे आपण आधी काय गेले ते पाहतो. येथेही तसेच करावे. फुटलेल्या माहितीचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सहज बदलता येणाऱ्या गोष्टींचा : पासवर्ड, कार्डाचा क्रमांक. या तत्काळ बदलाव्या. दुसरा वर्ग कष्टाने बदलता येणाऱ्यांचा : फोन क्रमांक, पासपोर्ट, ई-मेलचा पत्ता. यांवर नजर ठेवावी. तिसरा वर्ग कधीच न बदलणाऱ्यांचा : जन्मतारीख, जन्मगाव, आईवडिलांची नावे. ही माहिती एकदा फुटली की ती कायमची फुटली असे धरून चालावे, आणि "ज्याला माझी जन्मतारीख ठाऊक आहे तो बँकेचाच माणूस असणार" हा समज मनातून काढून टाकावा.

आपला ई-मेल कोणत्या ज्ञात चोरीत सापडला आहे, हे पाहण्याची एक विनामूल्य सोय आहे. ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट या तज्ज्ञाने डिसेंबर २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे आपला ई-मेलचा पत्ता लिहिला असता तो कोणकोणत्या चोऱ्यांत आढळला, ते समजते. मात्र "तुमची माहिती फुटली आहे, येथे तपासा" असा दुवा कोणी संदेशातून पाठविला, तर तो कदापि उघडू नये. मोठी चोरी जाहीर झाली की तिच्या बातमीचाच गळ करून लोकांना फसविणारे दुसऱ्याच दिवशी निघतात.

मग कुलपे बदलावी

सर्वांत आधी ई-मेलचा पासवर्ड बदलावा, बँकेचाही त्यानंतर. याचे कारण असे की, इतर कोणत्याही ठिकाणचा पासवर्ड विसरलो तर नवा पासवर्ड करण्याचा मार्ग ई-मेलमधूनच जातो. ज्याच्या हाती आपला ई-मेल, त्याच्या हाती सगळ्या किल्ल्यांचा जुडगा.

एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्याची सवय फार घातक आहे. एका दुकानाच्या यादीतून चोरलेला पासवर्ड चोर यंत्राच्या साहाय्याने शेकडो ठिकाणी लावून पाहतात. म्हणून प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड निराळा असावा आणि तो लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक लिहिले तर तो लक्षातही राहतो आणि फोडावयास कठीण जातो. त्यात मुलांची नावे, गावाचे नाव किंवा लग्नाची तारीख घालू नये. पासवर्ड सांभाळणारे ॲप वापरता येत असेल तर उत्तमच. वयस्कर मंडळींना ते जमत नसेल, तर एका वहीत लिहून ती वही घरातील कपाटात ठेवावी. घरातली वही दूरदेशीच्या चोराला दिसत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही शतपटीने बरी.

त्यानंतर ई-मेल, व्हॉट्सॲप आणि बँक या तिन्ही ठिकाणी दुहेरी पडताळणी चालू करावी, म्हणजे केवळ पासवर्ड मिळाल्याने चोराचे काम भागत नाही. संदेशाने येणारा सांकेतिक आकडा भामटे गोड बोलून काढून घेतात, हे ध्यानात घेऊन अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेच्या सूचनेनुसार तेथील बँकांनी जुलै २०२५ पासून संदेश व ई-मेलवरील आकडा टप्प्याटप्प्याने बंद करून बँकेच्या ॲपमधूनच संमती घेण्यास सुरुवात केली. हा बदल चांगला आहे; तथापि यातही संमतीचे बटण आपल्याच बोटाखाली असते. बँकेचे ॲप असो की यूएई पास, आपण स्वतः काही सुरू केलेले नसताना 'मान्य आहे काय?' असा प्रश्न पडद्यावर आला, तर दुसरा कोणी आपल्या नावाने दार ठोठावीत आहे असे समजून नकार द्यावा.

कार्डाचा तपशील गेला असल्याची शंका आली, तर कार्ड ताबडतोब बंद करून नवे घ्यावे. आपल्या नावावर दुसऱ्या कोणी कर्ज किंवा कार्ड काढले नाही ना, हे अमिरातीत अल् इतिहाद क्रेडिट ब्युरोच्या अहवालावरून समजते. तेथे थकलेल्या कर्जापायी देश सोडण्यास मनाई होऊ शकते, म्हणून ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. भारतातही प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

फोनच्या सिमकडेही लक्ष असावे. फोनची रेघ अकारण नाहीशी झाली आणि तासाभरात परत आली नाही, तर कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढले असण्याचा संभव असतो. दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला कळवावे. आपल्या लोकांची आणखी एक चूक अशी की, भारतातील जुना क्रमांक बँकेच्या खात्याला जोडलेला असतो आणि इकडे आल्यावर त्यात पैसे भरणे राहून जाते. बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग आपल्या खात्याचे संदेश त्या अनोळखी माणसाला जातात. तो क्रमांक एक तर चालू ठेवावा, किंवा बँकेत बदलून घ्यावा. अमिराती कायमची सोडून येतानाही हाच नियम पाळावा. भारतात आपल्या नावावर किती सिम आहेत, हे २०२३ साली सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

फोन आला तर

पोलीस, मध्यवर्ती बँक, इमिग्रेशन कार्यालय, टपाल खाते : भामटे कोणाचेही नाव घेतात. त्यांच्या बोलण्यात दोन खुणा हमखास आढळतात : घाई आणि भीती. "आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर खाते गोठेल, व्हिसा रद्द होईल." ज्याला आपली माहिती आधीच ठाऊक आहे, तो तीच माहिती "पडताळणीसाठी" पुन्हा का विचारतो, एवढा एकच प्रश्न मनाशी विचारावा. मग वाद न घालता फोन ठेवावा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा. बँक खरी असेल, तर तिला याचा राग येणार नाही.

ओळखपत्राची झेरॉक्स देण्याचा प्रसंग तेथे वारंवार येतो. प्रतीवर "अमुक कामासाठी, अमुक तारखेस" असे आडवे लिहून सही करावी, म्हणजे ती दुसऱ्या कामास लावणे कठीण जाते. भारतात आधारची प्रत द्यावी लागल्यास शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत काढता येते, आणि बोटांच्या ठशांची सोय कुलूपबंदही करून ठेवता येते.

आपल्या समाजापुरते थोडे

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. कित्येक संस्था पासवर्ड विसरल्यास काही ठराविक प्रश्न विचारतात : आईचे माहेरचे आडनाव काय? जन्मगाव कोणते? पहिली शाळा कोणती? मोठ्या शहरातल्या अनोळखी गर्दीत ही गुपिते असतीलही. आपल्या छोट्या समाजात मात्र ती सर्वांस ठाऊक असतात. आपली आडनावेच गावाचा पत्ता सांगतात : पेणकर म्हणजे पेणचे, केहीमकर म्हणजे किहीमचे. शिवाय जन्म, वाङ्‌निश्चय, विवाह आणि मृत्यू यांच्या वार्ता आपण समाजाच्या पत्रांतून हौसेने छापतो. त्यांत आईचे माहेर येते, जन्मतारीख येते, कधी घरचा पत्ता व फोनही येतो. पूर्वी असा अंक शंभर-दोनशे घरांत फिरत असे. आज त्याचे छायाचित्र काढून कोणीही क्षणात जगभर पाठवितो.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. अशा प्रश्नांची खरी उत्तरे देऊ नयेत. आईचे माहेर विचारले तर वाटेल तो शब्द द्यावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. यंत्राला खोटे उत्तर दिल्याने कोणाचा विश्वासघात होत नाही. आणि वार्ता छापताना पूर्ण जन्मतारीख, फोन व घराचा पत्ता गाळावा. आनंदाची किंवा दुःखाची बातमी त्यावाचूनही पोहोचते.

कायदा आणि तक्रार

करीमची घटना घडली, तेव्हा अमिरातीत सर्व देशाला लागू असा वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता. पुढे २०२१ चा ४५ क्रमांकाचा संघीय कायदा झाला व तो २ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि ठराविक परिस्थितीत पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क त्याने दिला. सरकारी माहिती त्यातून वगळली आहे. आरोग्य व बँकांच्या माहितीचे निराळे कायदे जेथे आहेत, तेथे तेच चालतात, आणि दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रासारख्या क्षेत्रांचे कायदे स्वतंत्र आहेत. त्याच वर्षीच्या ३४ क्रमांकाच्या कायद्याने संगणकीय गुन्ह्यांना कडक शिक्षा ठरविल्या. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला.

दुबईत अशी फसवणूक झाल्यास पोलिसांच्या ई-क्राइम या संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि ९०१ या क्रमांकावर चौकशी करता येते. अबू धाबीत पोलिसांची अमान ही सेवा ८००२६२६ या क्रमांकावर आहे. भारतातील खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. आलेला फोन क्रमांक, संदेश, वेळ व रक्कम यांची नोंद करून ठेवावी. रागाच्या भरात संदेश पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो.

वेळेचे महत्त्व किती, ते रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकावरून ध्यानात येईल. दोष ग्राहकाचा नाही व बँकेचाही नाही, अशा व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर त्याच्यावर काहीच भार पडू नये, असे त्यात म्हटले होते; उशीर होईल तसतसा भार वाढत जाई. माझ्या विद्यार्थिनीचे खाते अमिरातीतील बँकेत होते आणि आकडाही तिने स्वतः दिला होता, म्हणून हा नियम तिला लागू नव्हता. परंतु पहिल्याच तासात तिने घरी सांगितले असते, आणि बँकेला फोन केला असता, तर काही रक्कम वाटेत अडविता येण्याची आशा होती. तीन दिवस तिला गप्प ठेवले ते भीतीने, आणि ती भीती आपण घरच्यांनीच तिच्या मनात घातलेली असते.

तीस वर्षे वर्गात उभे राहून मी एवढे शिकले आहे की, चूक केल्यावर ज्या मुलाला फटके बसतात, ते मूल पुढची चूक लपविते. तेव्हा घरातील कोणी, सून असो, सासरे असोत वा घरकामाची बाई असो, "मी फसलो" असे सांगत आले, तर आधी "असे कसे केलेस?" हा प्रश्न विचारू नये. "आधी बँकेला फोन लावू या," एवढेच म्हणावे. बाकीचे बोलणे नंतर करता येते.

त्या मुलीच्या आईची शस्त्रक्रिया पुढे झाली. भावंडांनी वर्गणी काढली, एका मावशीने बांगडी मोडली. जाताना ती म्हणाली, "बाई, माझे नाव घालू नका, पण ही गोष्ट लिहा." तिच्या इच्छेप्रमाणे ती लिहिली आहे. वाचकांनी ती आखातातील आपल्या मुलाबाळांना वाचून दाखवावी, अशी नम्र विनंती आहे.